संपादकीय : अपघात म्हणायचं नाही

माझ्या बापाच्या उजव्या हाताला अंगठा आहे, अनामिका आहे, करंगळी आहे. तर्जनी आणि मधलं बोट नाही. ती दोन्ही पत्रा कापायच्या प्रेसखाली गेली.

मी तेव्हा तिसरीत होतो. त्या दिवसाची बोलणी अजून कानात आहेत. चाळीतली माणसं म्हणाली, 'नशीब बलवत्तर, अख्खा हात वाचला.' मुकादम म्हणाला, 'लक्ष कुठं होतं त्याचं?' मालक म्हणाला, 'अपघात आहे बाबा, त्याला कोण काय करणार?' तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. हिशेब मात्र तिघांचा एकच निघाला : मालकाकडे बोट दाखवायचं नाही. आणि दाखवायचं म्हटलं तरी बापाकडे ते बोटच उरलं नव्हतं.

पुढे चार अक्षरं शिकलो तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा उघडला. त्याला जोडलेली एक यादी आहे. खाटकाच्या दुकानात बोकड टांगतात तसा त्या यादीत कामगार तुकडे करून टांगलाय. अंगठा तीस टक्के. तर्जनी चौदा. मधलं बोट बारा. करंगळी सात. एक डोळा चाळीस. चौदा आणि बारा सव्वीस होतात, हे आम्ही म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकलो. पण कायद्याच्या शाळेत एकाच हाताची दोन बोटं गेली की वीस. माझा बाप वीस टक्के गेला. ऐंशी टक्के बाप घेऊन आम्ही वाढलो.

ते वीस टक्केसुद्धा मिळाले नाहीत. मस्टरवर नाव नव्हतं. दवाखान्यात सोबत आलेल्या माणसानं डॉक्टरला सांगितलं, 'घरी दारात बोटं सापडली.' केसपेपरवर तेच उतरलं. बाप शुद्धीत नव्हता, आई अंगठेबहाद्दर. पत्र्याची प्रेस एका ओळीत आमच्या घराचं दार झाली. त्या ओळीविरुद्ध बाप आयुष्यभर भांडला, पण कागद बोलतो तिथं माणूस मुका असतो.

हे घरचं रडगाणं म्हणून लिहीत नाही. ज्याच्या घरात असा हात नाही असं घर आपल्या वस्तीत दाखवा, असं विचारायला लिहितोय.

आता त्या प्रेसबद्दल. तिला जाळी होती. जाळी खाली आल्याशिवाय वरचा साचा खाली यायचा नाही, अशी तिची रचना. पण जाळी खाली-वर होण्यात वेळ जातो, वेळ गेला की नग कमी पडतात, नग कमी पडले की मालकाची ऑर्डर चुकते. म्हणून जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. दिवाळीआधीचा महिना, पहाटेपासूनची पाळी, वर ओव्हरटाइम. बाराव्या तासाला पायानं पेडल दाबलं आणि हात अर्धा क्षण मागं राहिला. बस्स. आता सांगा, यात अपघात कुठला? जाळी काढली ती ठरवून. बारा तास उभं केलं ते ठरवून. नगावर पैसे लावले ते ठरवून. मस्टरवर नाव घातलं नाही ते तर शंभर टक्के ठरवून. एवढं सगळं ठरवल्यावर बोट तुटणारच होतं. फक्त तारीख आणि बोटाचा मालक तेवढा ठरायचा होता.

म्हणून म्हणतो, हा शब्द आधी तोंडातून काढा. अपघात म्हटलं की नशीब आलं, नशीब आलं की गेल्या जन्मीचं कर्म आलं. ते कर्म आम्ही १९५६ साली नागपुरात टाकून आलो. ते कारखान्याच्या मागच्या दारानं पुन्हा आत घ्यायचं नाही. पाऊस अपघातानं पडत असेल. बोट अपघातानं पडत नाही.

आणि त्या बोटाला जात असते.

माझा आजा परळच्या बाजूला गिरणीत होता, रिंग खात्यात. विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्णाच्या तोंडाला कसा चालेल? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्यासमोर मांडला होता. कामगारांनो एक व्हा म्हणता, तर आमच्या माणसाला सगळी खाती मोकळी करा. पण या गोष्टीची दुसरी बाजू फार कुणी सांगत नाही. तो धोटा तोंडानं ओढणं मुळात धोक्याचं होतं. कापसाची धूळ छातीत जायची, एकाचा रोग दुसऱ्याच्या तोंडात जायचा. हातानं ओवायचे धोटे जगात होते. सवर्ण विणकरानं 'मला हातानं ओवायचा धोटा द्या' म्हणून मालकाची गचांडी धरायला हवी होती. त्यानं धरली आमची. विटाळ होऊ नये म्हणून धोट्याची राखण करत बसला आणि तोच धोटा चोखून खोकत मेला. जात कामगाराला असं आंधळं करते. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या आपल्या कामगारांसमोर दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ते दोघे एका धोट्यात राहतात, हे गिरणगावानं बघितलंय.

आजाची छाती दर सोमवारी आवळायची. रविवारच्या सुट्टीत मोकळी व्हायची, सोमवारी पाळी लागली की पुन्हा जखडायची. घरात म्हणायचे, म्हाताऱ्याला कामाचा कंटाळा आलाय. डॉक्टरी पुस्तकात त्याला बिसिनोसिस म्हणतात, आणि सोमवारी छाती भरणं हीच त्याची खूण आहे, हे आजा गेल्यावर मला कळलं. रोग मालकाच्या कापसाचा, बदनामी आजाच्या अंगचोरीची.

आता गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर भोंगे एकेक करून बंद पडले, तिथं काचेचे मनोरे उभे राहिले. पण त्या मनोऱ्यांचा मैला खाली जातो तिथं उतरणारा माणूस तोच, आपलाच. तेव्हा आता गटारात उतरू. हळू, कारण पुढचं नीट वाचायचंय, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचंय.

गटारात माणूस बुडून मरतो असं पेपरवाले लिहितात. बहुतेक वेळा तो आधी गॅसनं पडतो. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड नावाचा गॅस होतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. आता ह्याची हरामखोरी बघा : थोडा असला तर वास येतो, वाढला की वास बंद होतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास भाग झाले की हा गॅस नाकच मारून टाकतो. माणसाला वाटतं, चला, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. वास गेलेला नसतो, नाक गेलेलं असतं. त्याच्या पाच-सातपट झाला की माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजारावर गेला तर एका-दोन श्वासांत खेळ खलास. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. झाकणापाशी हवा बरी असली तरी खाली तो दबा धरून असतो. आणि गाळात दडलेला गॅस गाळ ढवळल्यावर सुटतो. म्हणून 'दहा मिनिटं काम केलं, काही झालं नाही' याला काही अर्थ नाही, अकराव्या मिनिटाला फावडं गाळात जातं. जोडीला मिथेन असतो, तो पेट घेतो, म्हणून आत काडी पेटवून बघायचं नाही, विडी पेटवायची नाही. काही ठिकाणी गॅस नसतोच, फक्त प्राणवायू संपलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल, कापडी मास्क धूळ अडवतो, गॅस नाही. तो बांधणं आणि ताईत बांधणं सारखंच.

आणि सगळ्यात जीवघेणी गोष्ट. एक पडतो. वरचा म्हणतो, माझा भाऊ आहे, आणि उडी टाकतो. तो पडतो. तिसरा उतरतो. एकाच झाकणाखालून दोन-दोन, तीन-तीन मढी निघतात ती अशी. आपल्या माणसाची माया त्याला आत ओढते. दोस्तांनो, काळजावर दगड ठेवून सांगतो, मागून उडी मारायची नाही. पहिल्याच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर असता, वर दोर धरून दोन माणसं उभी असती, तर त्याला ओढून काढता आलं असतं. दोर नाही तर उतरायचं नाही. उतरल्यावर दोर शोधायचा नसतो.

मग करायचं काय? क्रम सांगतो. हा क्रम उलटा लावूनच आपल्याला मारलं जातं, म्हणून नीट ध्यानात ठेवा.

पहिलं : माणूस उतरवायचाच नाही. पाण्याचा मारा करणारी, गाळ ओढणारी गाडी आहे, ती आणा. गल्ली अरुंद आहे म्हणतात, तर छोटी गाडी आणा. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला आमच्या गल्लीत गाडी उतरवता येत नाही?

दुसरं : उतरणं टळत नाही असं वरचा म्हणाला तर त्याच्याकडे कागद मागा. २०१३ चा हातानं मैला उचलण्याला बंदी घालणारा कायदा आहे. त्याच्या नियमांत लिहिलंय की मोजक्या अडचणीच्या वेळीच, कारण लिहून, स्थानिक संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याच्या परवानगीनं माणूस उतरवता येतो. मुकादमाच्या 'चल रे, उतर' ला परवानगी म्हणत नाहीत. 'साहेबांची सही दाखवा.' एवढं वाक्य पाठ करा. या वाक्यानं जितके जीव वाचतील तितके कुठल्याही मास्कनं वाचणार नाहीत, कारण सही करायला कुणी तयार होत नाही.

तिसरं : त्या भोकाची आणि वर-खालच्या दोन्ही भोकांची झाकणं निदान तासभर आधी उघडी. पंख्यानं हवा आत. दोर बांधून गॅसमापक यंत्र तळापर्यंत सोडायचं, नुसतं तोंडाशी धरायचं नाही. काम चालू असेपर्यंत मापत राहायचं. लेड ॲसिटेटचा भिजवलेला कागद काळा पडला तर खाली विष आहे.

चौथं : वर माणसं, दोर, पट्टा, तिकाटणं, बाहेरची हवा देणारा नळीचा मुखवटा.

आणि सगळ्यात शेवटी : हातमोजे, गमबूट.

मालक काय करतो? शेवटचं पहिलं देतो. वर्षातून एकदा मोज्यांचा जोड देतो, फोटो काढतो, सही घेतो आणि म्हणतो, सुरक्षेची साधनं दिली. आणि कायदाही त्याला पळवाट ठेवतो. २०१३ च्या कायद्यात 'धोकादायक सफाई' ची व्याख्याच अशी की साधनं न देता, काळजी न घेता केलेली सफाई. म्हणजे साधनं दिली की मैल्यात आपणच. विष्ठेला हात आमचाच लागणार, फक्त मध्ये रबर आलं. आम्हाला रबर नको, सुटका पाहिजे. पण सुटका होईपर्यंत एकही माणूस मरता कामा नये, म्हणून रबराचीही भीक नव्हे, मागणी.

हाच क्रम बाकी कामांना लावा. पावर प्रेसला आधी जाळी आणि दोन्ही हातांची दोन बटणं, दोन्ही हात बटणावर असतील तेव्हाच साचा खाली येणारी. त्यातलं एक बटण तार बांधून कायमचं दाबून ठेवायला सांगतात, तसं सांगणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. पट्टा, गिअर साफ करायचा तर मशीन बंद, खटका पाडून चावी आपल्या खिशात. बांधकामावर परांचीला कठडा आणि खाली जाळी आधी, कमरेचा पट्टा नंतर. आणि पट्टा अडकवायला भक्कम जागा नसेल तर तो नुसता दागिना. दगडखाणीत, क्रशरवर आधी पाणी मारून धूळ खाली बसवा. सिलिकाची बारीक धूळ एकदा फुप्फुसात गेली की तिला औषध नाही. झाडू कामगाराच्या हातात काच आणि सुई घुसते ती घराघरातून आलेली. फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी देणं, हा उपाय मोज्यापेक्षा वरचा, आणि तो फ्लॅटमधल्या बाईसाहेबांनी करायचाय. सुई घुसली तर लपवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन. कावीळ-बीची लस तर आधीच मागून घ्या. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात पायाला जखम घेऊन काम केलं तर उंदराच्या मुतातून लेप्टो होतो. तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडं जा, ताप येण्याची वाट बघू नका. बोजा उचलताना पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा, असं शहाणे शिकवतात. शिकवा. पण गोणीचं वजन कमी करा असं का नाही शिकवत? पाठ आमची, म्हणून वाकवण्याचा धडाही आम्हालाच.

कुणी मेला की एक वाक्य ठरलेलं : 'तो दारू प्यायला होता.' होता, पुष्कळदा असतो. शुद्धीत राहून कुणाला गळ्यापर्यंत मैल्यात उभं राहता येतं, त्यानं यावं, आम्ही त्याला जागा करून देतो. पण कायदा ऐका. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर दारूचं कारण सांगून मालकाला भरपाई टाळता येत नाही. हे त्या मढ्याभोवती जमलेल्या शंभर माणसांत एकालाही माहीत नसतं, आणि विधवा पाच-पन्नास हजारांवर अंगठा देऊन घरी जाते. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारातल्या मृत्यूला दहा लाख सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केले, आणि कायमचं अपंगत्व आलं तर निदान वीस लाख. हा आकडा वस्तीच्या भिंतीवर गेरूनं लिहा. तीस लाखांत माणूस परत येत नाही. पण माणूस स्वस्त मिळतो तोवर गाडी महाग वाटते, हा धंद्याचा हिशेब आहे. माणूस महाग करा, गाडी आपोआप येईल.

आता नवा घाव. १९४८ चा कारखाना कायदा गेला. २०२० च्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. जुन्या कायद्यात विजेवर चालणारा गाळा दहा माणसांचा झाला की तो कारखाना. नव्यात वीस झाल्याशिवाय नाही. बिनविजेचा असेल तर विसाचे चाळीस. कंत्राटी कामगारांचा हिशेब वीसवरून पन्नासवर. आमची माणसं बारा-पंधराच्या गाळ्यात असतात, बापही तसल्याच गाळ्यात होता. त्या गाळ्यातली प्रेस तीच, तिची धार तीच, फक्त तिला आता कारखाना म्हणायचं नाही. बोटांच्या टक्क्यांची यादी मात्र नव्या संहितेतही शाबूत आली. तोडायचं काम चालूच राहणार, याची त्यांना खात्री दिसते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर मंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा भागात गेले आणि स्वतः खाणीत उतरले. आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले ते १९४६ च्या दुरुस्तीनं, त्यांच्याच खात्यातून. थकलेला हात मशीनमध्ये जातो, हे बापाच्या बाराव्या तासानं मला शिकवलं. बाबासाहेबांचा फोटो लावणारे पुष्कळ झाले. त्यांच्यासारखं खाली उतरून बघणारे किती?

आणि हा सवाल आधी मलाच.

या अंकाच्या पानांवर आम्ही गटारावरच्या कविता पुष्कळ छापल्या. मीही लिहिली. आमच्याच वस्तीतला एक पोरगा मॅनहोलमध्ये गेला, मी रात्रभर जागून त्याच्यावर कविता केली, सभेत वाचली, टाळ्या घेतल्या. चार महिन्यांनी त्याची आई घरी आली. म्हणाली, 'लेकरा, तू लिहिलंस ते चांगलं आसंल. पण ठेकेदार म्हणतोय, तो माझ्याकडं कामालाच नव्हता. तुला लिहिता येतं ना? मग त्या दिवशी कोण मुकादम होता, कुणी बोलावलं, गाडी कुठली, एवढं लिहून ठेवलं असतंस तर?'

माझ्याकडं कविता होती. गाडीचा नंबर नव्हता.

ती बाई गेली आणि मला केसपेपरवरची ती ओळ आठवली : घरी दारात बोटं सापडली. त्यांच्याकडं लिहिणारे असतात, आणि ते वेळेवर लिहितात. आपल्याकडं लिहिणारे झाले, पण आपण उशिरा आणि भलतंच लिहितो.

म्हणून या अंकापासून एक काम. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाखेत एक वही. कुणाला कामावर लागलं की त्याच दिवशी लिहायचं : नाव, तारीख, वेळ, जागा, ठेकेदार, मुकादम, बघणारे दोघे. दवाखान्यात आपला एक पोरगा सोबत. केसपेपरवर 'कामावर लागलं' हे शब्द पडल्याशिवाय तिथून हलायचं नाही. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. मस्टरवर नाव नसेल तर हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, फोनमधला मेसेज, साइटवरचा फोटो, जे असेल ते जपून ठेवायचं. आणि नुसतं तुटल्यावर लिहायचं नाही. जाळी काढली, दोर दिला नाही, बटण बांधलं, तेही लिहायचं. बोट शाबूत असताना लिहिलेली ओळ ही बोट तुटल्यावरच्या दहा ओळींपेक्षा मोठी.

कविता थांबवा असं म्हणत नाही. वही भरली की कविता करा, जळती करा. पण वही आधी.

बाप आता म्हातारा झालाय. त्याला हे संपादकीय वाचून दाखवलं. तो बराच वेळ आपल्या हाताकडं बघत बसला. मग म्हणाला, 'त्या जाळीचं लिहिलंस ते बरं केलंस. ती भिंतीलाच टेकवलेली होती. मला रोज दिसायची.'

रोज दिसायची. तुम्हालाही दिसत असेल, तुमच्या कामावर, भिंतीला टेकवलेली. उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी ती उचला आणि जागेवर लावा. लावू देत नसतील तर मशीनला हात लावू नका. एकटे असाल तर आम्हाला हाक मारा.

जय भीम.